चिंध्यांची वही

मैसुरातल्या जुन्या अग्रहाराच्या मागच्या गल्लीत ‘नरहरी टेलर्स’ नावाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या मधोमध जाड हिरवा पडदा. रस्त्याकडच्या बाजूला मशीनवर गुंडू बसायचा आणि पडद्याच्या आत त्याची थोरली बहीण शांताक्का. बायका रस्त्यावरून येत नसत. बोळाकडच्या दारानं त्या थेट अक्काकडे यायच्या. अक्का ‘लिही रे’ म्हणाली की बाहेरचं मशीन थांबायचं. मग आतून आकडे यायचे, “उंची चौदा, छाती चौतीस, मुंढा सोळा,” आणि गुंडू ते वहीत उतरवून घ्यायचा. लिहून झालं की मशीन पुन्हा सुरू. आतलं बोलणं आपल्या कानांवर पडू नये म्हणून तो ते नुसतंच फिरवत ठेवायचा, कापड नसलं तरी.

बाईच्या अंगाला पुरुषाची टेप लागू द्यायची नाही, हा त्यांच्या वडलांचा, नरहरीरावांचा नेम होता. वहीत बाईचं नावही लिहायचं नाही. नावाच्या जागी तिच्या कापडाची बोटभर चिंधी टाचणीनं लावायची. कुठली चिंधी कुणाची, ते अक्काच्या डोक्यात. गुंडूनं तीस वर्षं नुसत्या चिंध्यांचे ब्लाऊज शिवले. रस्त्यात समोरून येणाऱ्या बाईचं माप आपल्या वहीत आहे की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

एवढं जपूनही एकदा झालंच. गुंडूचा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओनं वाळलेला. चालताना एक पाऊल टेकतं, दुसरं फरफटत मागून येतं. शहाण्णव साली गल्लीतल्या एका भाडेकरू बाईनं नळावर बोलून टाकलं, “तो लंगडा पडद्यातून बघतो.” बस्स. सहा महिने बोळाकडचं दार वाजलं नाही. नरहरीराव त्याच दिवसांत गेले. नंतर ती बाई अक्काला देवळात भेटली, तेव्हा हसत म्हणाली, “अय्यो, ब्लाऊज घट्ट झाला म्हणून रागात सुम्मने बोलले हो मी.” सुम्मने म्हणजे उगीच. अक्कानं विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घरी येऊन पडद्याला दुसरं अस्तर लावलं.

तर अशा दुकानात दोन हजार चौदा साली सिनेमा शिरला.

तो आणला अंबुजानं. अंबुजा भावसारांची. तिचे आजोबा कापड रंगवायचे, छापायचे. ती स्वतः कॉलेजात सिनेमाचं शिकत होती आणि शेवटच्या परीक्षेसाठी वीस मिनिटांचा थ्रिलर करत होती. तिच्याबरोबर कॅमेरा धरायला बन्नूरचा चिदंबर, उंच, हडकुळा, कानडी बोलणारा. दसऱ्याचं शिवणकाम उरकलं होतं, दुकान मोकळं होतं.

“अक्का, चारच दिवस दे ना दुकान,” अंबुजा म्हणाली. “आणि गुंडूकाका पण पाहिजे. ॲक्टिंगला.”

“मला?” गुंडू मशीनवरून उठलाच. “मला काय येतं?”

“काही यायला नको काका. सुम्मने चालायचं.”

गुंडूला ह्यापेक्षा मोठं काही कुणी म्हटलं नव्हतं. घरात त्याचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांत तो बसलेला होता. लग्नाकार्यात फोटोवाला यायचा तेव्हा कुणीतरी आपणहून त्याच्याकडे खुर्ची सरकवायचं. त्या संध्याकाळी तो जेवताना तीनदा म्हणाला, “अक्का, चालणं पाहिजे म्हणाली बघ तिला माझं! चालणं!” चौथ्या दिवशी त्यानं स्वतःसाठी निळा शर्ट बेतला, आणि कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवणार त्याचं आमंत्रण गल्लीत घरोघरी जाऊन देऊन आला.

शूटिंग भर दुपारी चालायचं. सिनेमात मात्र रात्र हवी, म्हणून अक्कानं खिडक्यांना मारायला काळ्या अस्तराच्या पट्ट्या शिवून दिल्या. गुंडू दारात उभा राहिला, कात्री घेऊन चालला, टेप गळ्यात अडकवून मागं वळला. ‘तुमच्या मराठीत काहीतरी बोला काका’ असं चिदंबरनं म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या लहान मुलीला बोलावतात तसं त्यानं बोलून दाखवलं, “ये ग बाई, ये, तुझं माप आहे माझ्याजवळ.” सगळे हसले. अक्कानं पडद्याआडून ऐकलं आणि तीही हसली.

मग एका बुधवारी गुंडू हूक आणायला बाजारात गेला असताना अंबुजानं लॅपटॉप कापायच्या टेबलावर ठेवला. “अक्का, बघ तरी कसं झालंय. तीन मिनिटंच जोडलेत.”

आधी अंधार. अंधारात एक पाऊल टेकलं आणि दुसरं फरफटत आलं. खालून कसलातरी घुमणारा आवाज. मग गुंडूचा हात, हातात कात्री. कात्री त्यांचीच, मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. कापडावर ठेवण्याआधी अक्का रोज ‘विठ्ठल’ म्हणते ती. टेबलावर एक वही, वहीत तीन मुलींची नावं, पुढे मापं. गुंडूच्या खडूनं एका नावावर फुली मारली. मग एक मुलगी पळताना दिसली आणि अंधारातून गुंडूचा आवाज आला, पण ओढून जाड केलेला, विहिरीतून यावा तसा, “ये ग बाई, ये...”



“अंबुजा,” अक्का म्हणाली, “हा खुनी आहे?”

“सिनेमातला ग अक्का. खरा थोडीच?”

“गुंडूला माहीत आहे?”

अंबुजानं चिदंबरकडे पाहिलं. चिदंबर कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

“आम्ही त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलं,” अंबुजा म्हणाली. “सगळी स्टोरी नाही सांगितली.”

“लंगडाच कशाला घेतलात?”

आता चिदंबर कानडीत समजावून सांगायला लागला. उद्धटपणानं नव्हे, पोरगा चांगला होता. “अक्का, थ्रिलरची एक रीत असते. पहिल्या दोन मिनिटांत माणूस घाबरला पाहिजे. आधी पायाचा आवाज, माणूस नंतर. असा पाय ऐकला की लोकांना सांगावं लागत नाही. त्यांचं त्यांना कळतं.”

“काय कळतं?”

चिदंबरनं पुन्हा काच पुसायला घेतली.

“त्या पायाचा आवाज माझ्या घरात बावन्न वर्षं येतोय,” अक्का म्हणाली. “तो आला की मी भाताखालचा विस्तव मोठा करते. मला तर एवढंच कळतं.” मग ती अंबुजाकडे वळली. “आणि बाकी सगळी माणसं कानडी बोलतात, हा एकटाच मराठी का ग?”

“न कळणारी भाषा असली की जास्त भीती वाटते,” अंबुजा हळूच म्हणाली.

“हौदा, असं काय? तुझी आजी कुठल्या भाषेत जेवायला हाक मारते तुला? घाबरतेस काय तेव्हा?”

अंबुजाची मान खाली गेली. अक्काच्या डोळ्यांपुढे बोळाकडचं दार आलं, सहा महिने न वाजलेलं. त्या वेळी एका बाईचं एक वाक्य होतं. आता हॉल भरून माणसं बघणार, अंधारात, त्या आवाजासकट. पुढच्या सोमवारी कुठली आई आपल्या पोरीला ह्या दुकानात पाठवील? आणि त्या माणसांना आमंत्रण कुणी दिलं? गुंडूनं, निळा शर्ट बेतून.

“हे काढून टाक,” ती म्हणाली.

“अक्का, शुक्रवारी द्यायचाय. नाही दिला तर माझं वर्ष जातं.” अंबुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि काका... काका काय म्हणतील? सगळ्यांना सांगितलंय त्यांनी.”

तेही खरंच होतं. सिनेमा दाखवावा तर गुंडू जातो, न दाखवावा तरी गुंडूच जातो. अक्का टेबलाशी उभी राहिली. मशीनवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे तिनं पाहिलं. मग तिची नजर टेबलावरच्या वहीवर गेली, सिनेमातल्या.

“ही कुणाची?”

“आम्हीच केली. तुमची मागायला बरं नाही वाटलं.”

“नावं कशाला लिहिलीत? आमच्या वहीत नावं नसतात.”

तिनं कपाटातून खरी वही काढली, फुगलेली, दोऱ्यानं बांधलेली. अंबुजा पानं उलटायला लागली. चिंध्या, आकडे, चिंध्या. रेशमी, सुती, चौकड्याच्या, विटलेल्या. चिदंबरही वाकून बघू लागला.

“ह्यात मी कुठं आहे?” अंबुजानं विचारलं.

अक्कानं न शोधता एक पान उघडलं. पिवळी चिंधी, बारीक कुयऱ्या. “अकरा वर्षांची होतीस. पहिलं परकर-पोलकं. डावा खांदा उतरता आहे तुझा, म्हणून तिथं अर्धा इंच जास्त.”

अंबुजानं नकळत डाव्या खांद्यावर हात ठेवला.

“काका ह्यावरून ओळखत नाहीत कोण कोण ते?” चिदंबरनं विचारलं.

“तो कसा ओळखणार? तो पडद्याबाहेर.”

“म्हणजे ह्या वहीवरून काका कुणाला गाठूच शकत नाहीत.” चिदंबर स्वतःशीच पुटपुटला. त्याची सगळी गोष्टच त्या एका टाचणीवर फाटली होती. “मग ह्या चिंध्या कुणाला वाचता येतात?”

“मला,” अक्का म्हणाली.

तिनं ते सहज म्हटलं होतं. पण म्हणून झाल्यावर तिघंही एकमेकांकडे बघत राहिली. चिदंबरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“मला घ्या मग,” अक्का म्हणाली. “खून करणारी मी. गुंडूनं काही केलेलंच नाही.”

“पण अक्का,” चिदंबर म्हणाला, “पहिल्या पंधरा मिनिटांत लोक काकांनाच धरतील. नावांची वही तेवढी काढू, बाकी भाग बदलायला वेळच नाही.”

“धरू देत. त्याचा पाय, त्याची भाषा, सगळं ऐकून धरू देत. मग शेवटी कळू दे कुणी केलं ते.”

“आणि मग तुला लोक काय म्हणतील?” अंबुजानं विचारलं.

अक्कानं वही बांधून कपाटात ठेवली. “मला काय म्हणायचं ते नळावर म्हणतील. गुंडूला काही म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं गुंडूला बन्नूरच्या बसमध्ये बसवलं. तिथं मालोजीरावांच्या घरी लग्नाचे कपडे पोचवायचे होते, ते शनिवारी पोचले असते तरी चाललं असतं. लहानपणापासून त्याच्याशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिनं मनातल्या मनात विठोबाला सांगितलं, हे माझ्या खात्यावर लाव, त्याच्या नको.

एक अडचण होती. अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. सिनेमात ती छान दिसेल असं अंबुजाला वाटत होतं. “माळ आणि हातात टेप, अक्का, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल!”

“बेड,” अक्का म्हणाली, म्हणजे नको. “खून ती बाई करते, माळ मी घातलीय.” माळ तर काढायची नसते. तिनं सकाळच्या सकाळी उंच बंद गळ्याचा ब्लाऊज शिवला, काळा, खिडकीच्या उरलेल्या अस्तराचा, आणि माळ त्याच्या आत गेली.

शेवटच्या मुलीचं काम अंबुजाच करत होती. ती अक्काकडे पाठ करून उभी राहिली. खिडक्या झाकलेल्या, एकच दिवा. घामाचा आणि गरम दिव्याचा वास.

“अक्का, चेहरा जरा रागीट करा,” चिदंबर म्हणाला.

अक्कानं करून पाहिला. चिदंबरला हसू आलं, मग अंबुजालाही. “अक्का, हे दुधाची पिशवी फाटल्यासारखं दिसतंय!”

“मग मी रोज करते तसंच करते,” अक्का म्हणाली.

आणि तिनं रोजच्यासारखंच केलं. टेप झटकून सरळ केली, अंबुजाचे केस बाजूला घेतले, “सरळ उभी राहा ग पोरी, श्वास सोड,” म्हणाली आणि टेप तिच्या गळ्याभोवती आणली. बोटं न थरथरता, आवाज मऊ. “गळा तेरा,” ती पडद्याच्या दिशेनं म्हणाली. बाहेर लिहायला कुणी नव्हतं. मग तिनं टेपची टोकं एकमेकांवरून ओढली. थोडीशीच. अंबुजाच्या गळ्याची शीर तिच्या करंगळीला लागली, टकटक करणारी. अक्कानं टेप सोडली आणि अंबुजाच्या गळ्यावरून तळवा फिरवला.

चिदंबरनं कॅमेरा बंद केला. तो एवढंच म्हणाला, “पुन्हा करायला नको.”

शनिवारी तीन वाजता कॉलेजचा हॉल भरला. गल्लीतली निम्मी माणसं आली होती. पुढच्या रांगेत लक्ष्मीदेवी, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, तोंडानं फटकळ, आणि त्यांची मुलगी अन्नपूर्णा, हेब्बाळच्या कंपनीत नुकतीच लागलेली. गुंडू निळ्या शर्टात अक्काशेजारी. दिवे गेले.

पाऊल टेकलं. पाऊल फरफटलं.

“गुंडू रे,” मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. मग कात्री दिसली आणि कौतुक थांबलं. पहिली मुलगी पळाली. “ये ग बाई, ये...” हॉलमध्ये एक बाई किंचाळली आणि दोन-तीन पोरं हसली. त्यानंतर कुणी हसलं नाही. अक्काला अंधारात माना वळताना दिसत होत्या, पडद्यावरून गुंडूकडे, गुंडूवरून पडद्याकडे. पुढे लक्ष्मीदेवींनी आपला पदर सावरला आणि लेकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. अन्नपूर्णानं एकदा मागं पाहिलं.

पंधरा मिनिटं. अक्कानं आयुष्यात एवढी लांब पंधरा मिनिटं काढली नव्हती. ब्लाऊजच्या आत माळेचे मणी तिनं एकेक करून ओढले. गुंडूचा श्वास तिला ऐकू येत होता. मध्येच त्याचा हात चाचपडत आला आणि तिचं मनगट धरून राहिला. हात ओला होता. त्याला आत्ताच ओढून बाहेर न्यावं, असं तिला वाटलं. पण मग तो त्याच पायानं सगळ्यांच्या समोरून चालत गेला असता. ती बसून राहिली.

मग पडद्यावर खरी वही उघडली. चिंध्या. अंबुजाच्या आवाजात पोलीसबाई विचारत होती, “ह्यात नाव कुठंय? नाव नाही तर त्यानं ओळखलं कसं?” आणि उत्तर यायच्या आत दिव्याखाली शांताक्का उभी होती, काळ्या बंद गळ्यात, रोजच्यासारखी. “सरळ उभी राहा ग पोरी, श्वास सोड.”



“गळा तेरा.”

दिवे आले तेव्हा टाळ्या आधी मागून, विद्यार्थ्यांकडून आल्या. गल्लीतली माणसं वळून अक्काकडे बघत होती. काहींना हसायचं होतं, जमत नव्हतं. नळाशेजारचे जगन्नाथराव गुंडूला म्हणाले, “अरे, आम्ही तुलाच धरलं होतं की!” आणि चष्मा पुसायला लागले.

गुंडू उठला नाही. त्यानं अजून मनगट सोडलं नव्हतं.

“अक्का,” तो हळू म्हणाला, “मला वाटलं मीच केलं.”

“तू नाही केलंस.”

“शेवटपर्यंत वाटत होतं. म्हटलं, कधी केलं असेल मी?” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “बन्नूरला म्हणून पाठवलंस काय मला?”

“हो.”

त्यानं मनगट सोडलं. मग म्हणाला, “काळ्या ब्लाऊजचा उजवा मुंढा खेचतोय. मला सांगायचं होतंस, मी लावून दिला असता.”

सोमवारी दुकान उघडलं. दहा वाजले, अकरा वाजले. गुंडूचं मशीन चालू होतं, खाली कापड नव्हतं. अक्का पडद्याच्या आत स्टुलावर बसून बोळाकडच्या दाराकडे बघत होती. हेब्बाळच्या कंपनीची बस कोपऱ्यावर थांबून गेली. बारा वाजले. अठरा वर्षांपूर्वी तिनं हेच दार बघितलं होतं. फरक एवढाच, की ह्या वेळी कुणी भ्यालंच तर ते तिलाच भ्यालं होतं.

सव्वाबाराला दार वाजलं. लक्ष्मीदेवी आणि त्यांच्या मागं अन्नपूर्णा, रजा काढून आलेली, हातात कापड.

“काय ग खुनी,” लक्ष्मीदेवी आत येता येता म्हणाल्या, “माझ्या पोरीला जिती परत देशील ना? कंपनीत घालायला बंद गळ्याचा कुर्ता पाहिजे तिला.” त्या मोठ्यानं हसल्या. अन्नपूर्णा हसली नाही.

“लिही रे,” अक्का म्हणाली. मशीन थांबलं.

उंची झाली, बाही झाली, घेर झाला. मग गळा. अक्कानं केस बाजूला घेतले आणि टेप उचलली, तशी पोरगी ताठ झाली. अगदी थोडी, आईला कळलंसुद्धा नाही. पण अक्काची बोटं चाळीस वर्षं हेच वाचत आली होती. हिचा श्वास थांबलाय, आणि थांबवलाय तो आपण, हे तिला कळलं. टेप हवेत राहिली. पडद्याबाहेर गुंडू पेन्सिल धरून वाट बघत होता.

अक्कानं टेपचं टोक अन्नपूर्णाच्या हातात दिलं.

“हे तू धर,” ती म्हणाली. “तुझ्या गळ्यावर तूच ठेव. मी नुसता आकडा बघते.”

अन्नपूर्णानं टोक धरलं, गळ्याशी टेकवलं. तिचे खांदे खाली आले.

“साडेबारा,” अक्कानं सांगितलं. बाहेर पेन्सिल चालली. तिनं कापडाच्या कोपऱ्यातून बोटभर चिंधी कापली, ‘विठ्ठल’ म्हणून, आणि पडद्याच्या फटीतून बाहेर सरकवली. गुंडूनं ती न बघता घेतली आणि टाचणी लावली.

तेव्हापासून त्या दुकानात गळ्याचं माप असंच घेतात. टेपचं एक टोक जिचं माप तिच्या हातात.